अर्ध्या मिठाच्या चान्या

दसऱ्याच्या आधी घर आवरायला काढलं, तेव्हा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात अगदी मागे सरकलेली एक पिशवी हाती लागली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सात-आठ चान्या होत्या. कागद उलगडला तर त्यांच्यावर हिरवट-पांढरी बुरशी. चानीला बुरशी येत नाही. निदान साळवेमामांच्या चानीला तरी कधी आली नव्हती.

चानी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मटणाच्या लांब पट्ट्या कापायच्या, भरपूर मीठ आणि हळद चोळायची आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हात दोरीवर कडक वाळवायच्या. मग त्या वर्षभर खुंटीला टांगून ठेवल्या तरी काही होत नाही. लागतील तेव्हा निखाऱ्यावर भाजायच्या, नाहीतर डाळीत शिजवायच्या. माझं माहेर सिल्लोडजवळचं, शेतीवाडीचं. मटण आमच्याकडेही दर रविवारी व्हायचं, पण चानी हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. ती गावाच्या पलीकडच्या अंगाला राहणाऱ्यांची वस्तू, एवढं आम्हाला न सांगताच कळलेलं होतं. ते नाक मुरडणं मी नोकरीतही घेऊन आले, हे आधीच कबूल केलेलं बरं.

वाळूजला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं दवाखान्याची सिस्टर आहे. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. बाकीचे दिवस मी, वजनकाटा आणि रक्तदाबाचं यंत्र. बोट कापलं की मलम, पाठ धरली की गोळी, आणि चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाला एकच वाक्य: मीठ कमी करा. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे, की आता समोरचा माणूस खुर्चीत बसायच्या आत ते माझ्या तोंडून निघतं. ऐकतं कुणी नाही. मी स्वतः घरी पापडाशिवाय जेवत नाही, तर त्यांना काय बोलणार.

साळवेमामा मेंटेनन्सला फिटर होते. फर्दापूरच्या अलीकडचं त्यांचं गाव. आयटीआय करून शहरात आले आणि भावसिंगपुऱ्यात दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर बांधून राहिले. बायको शांताबाई आणि एक मुलगी. मामा स्वतः उंच, वाळक्या अंगकाठीचे, कानावर नेहमी खोचलेली पेन्सिल. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, अगदी त्यांच्याहून वयाने मोठे असलेले वॉचमनसुद्धा. पत्रा दाबायचा प्रेस बंद पडला की ते आधी त्याला हात लावून उभे राहत, डोळे मिटून, आणि मग पाना मागत. मी एकदा विचारलं, मामा, हे काय करता? म्हणाले, तुम्ही मनगट धरता ना, तेच.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक चपटी स्टीलची डबी असायची. डबीत डाव्या बाजूला रक्तदाबाच्या गोळ्या आणि उजव्या बाजूला चान्यांचे बोटभर तुकडे. मध्ये त्यांनी पत्र्याची पट्टी बसवून घेतली होती, दोन्हींचा वास एकमेकांना लागू नये म्हणून. लोक सुपारी चघळतात तसा ते एक तुकडा गालात धरत आणि तो तास-दीड तास पुरवत. तपासणीच्या दिवशी मी डबी उघडायला लावायची. गोळ्या घेता का, म्हणून विचारलं की ते उजवी बाजू हाताने झाकून डावी बाजू दाखवत.

रक्तदाब मात्र कधी जागेवर नसायचा. मी रागवायचे, ते ऐकून घ्यायचे. त्यांचं एक ठरलेलं उत्तर होतं आणि ते ते अगदी समजुतीच्या स्वरात देत, जणू मलाच काहीतरी साधं कळत नाही.

"सिस्टर, मीठ चानीला वरीसभर सडू देत नाय. मग तेच मीठ माझ्या पोटात जाऊन मला कसं सडविन?"

यावर पुस्तकातलं उत्तर माझ्याकडे होतं आणि मी ते दिलंही. शिरा, मूत्रपिंड, वाळवलेल्या-खारवलेल्या मांसाने आतड्याला होणारा धोका. ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, लई बरोबर आहे तुमचं, आणि उठून गेले. पायऱ्या उतरताना त्यांचा हात खिशाकडे गेलेला मी खिडकीतून पाहिला.

कॅन्टीनमध्ये ते जेवत नसत. कॉम्प्रेसरच्या खोलीमागे एक उलटं ठेवलेलं पिंप होतं, त्यावर बसून डबा खात. का, ते मला पुढे कळलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी कॅन्टीनच्या टेबलावर डबा उघडला होता आणि बाकावरचे तिघे ताट उचलून दुसरीकडे गेले होते. कुणी काही बोललं नव्हतं. बोलले असते तर मामांनी उत्तर दिलं असतं. नुसतं उठून गेलेल्या माणसाला काय उत्तर देणार? मी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, मागं वारा चांगला लागतो. कॉम्प्रेसरच्या खोलीमागे वारा लागत नाही, भट्टीसारखी झळ लागते. आणि खोटं कशाला सांगू, माझ्या दवाखान्यात त्यांनी पहिल्यांदा डबी उघडली तेव्हा मीही खिडकी उघडायला उठले होते. त्यांनी ते पाहिलं होतं.

मग एका उन्हाळ्यात नवा प्रेस बसवायला जर्मनीहून एक इंजिनिअर आला. गोरापान, पोट सुटलेला, साठीच्या आसपासचा. त्याचं नाव कुणालाच नीट घेता येईना, म्हणून सगळे त्याला नुसतं साहेब म्हणत. दोन आठवड्यांनी तो दुभाष्याला घेऊन माझ्याकडे आला. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. शेजारच्या स्टुलावर मामा तपासणीसाठी बसलेले. मी आधी एकाच्या दंडाला पट्टा बांधला, मग दुसऱ्याच्या. दोघांचेही आकडे सारखेच, म्हणजे सारखेच वाईट. मी दोघांनाही मिळून एकदाच सांगितलं, मीठ कमी करा. दुभाष्याने ते जर्मनमध्ये सांगितलं. साहेब मोठ्याने हसला आणि त्याने बॅगेतून एक पाकीट काढलं.

पाकिटात सॉसेज होते. इथलं तिखट सोसत नाही म्हणून गड्याने घरून बॅग भरून आणले होते आणि हॉटेलच्या खोलीत चहाच्या किटलीत उकडून खात होता. बायको आणि डॉक्टर दोघांनीही बंद करायला सांगितलेत, असं दुभाष्यामार्फत कळलं. मामांनी एक तुकडा घेतला, वास घेतला, आडवा धरून त्यातलं मांस पाहिलं, मग खाल्ला. नंतर मला समजावून सांगितलं, की कुटून आतड्यात भरलं की हे होतं आणि पट्टी कापून दोरीवर टाकली की आपलं होतं. बाकी मीठ तेच. आणि डबी काढून त्यांनी उजवी बाजू साहेबापुढे धरली. साहेब ती चानी पाच मिनिटं चावत होता, जबडा दुखेपर्यंत. मग त्याने दुसरी मागितली.

दुसऱ्या दिवशी दोघं कॅन्टीनमध्ये शेजारी बसले. साहेबाच्या सॉसेजचा बारीकसा तुकडा मिळावा म्हणून लाइनवरची माणसं टेबलाभोवती जमली होती, मोबाइलवर फोटो काढत होती. त्यातल्या एकानेही नाक मुरडलं नाही. मामांची डबी तिथंच उघडी होती. साहेब असेपर्यंत, पुढचे तीन आठवडे, ते रोज कॅन्टीनमध्ये जेवले आणि कुणी बाकावरून उठलं नाही. साहेब गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा कॉम्प्रेसरच्या मागे. मी म्हटलं, आता काय झालं? म्हणाले, काय नाय, वारा.

त्या दिवशी मला त्यांच्यावर रागवायचाही कंटाळा आला. बंद करा म्हणून ते बंद करणार नाहीत, हे मला कळून चुकलं होतं. त्यांच्या आईने शहरात येताना त्यांच्याबरोबर ट्रंक दिली नव्हती, फडक्यात बांधलेल्या चान्या दिल्या होत्या, आणि आयटीआयचं पहिलं वर्ष त्यांनी त्यावर आणि भाकरीवर काढलं होतं. ते एकदाच सांगितलं त्यांनी, तेही पट्टा बांधलेला असताना. मी काय सांगणार होते त्यांना? की तुमच्या आईने जे दिलं ते विष आहे? म्हणून मी मधला रस्ता काढला. म्हटलं, खा, पण आठवड्यातून दोनदाच. गालात धरायच्या नाहीत. आणि शिजवायच्या आधी चानी रात्रभर पाण्यात भिजवायची, म्हणजे मीठ निघून जाईल. ते त्यांना एकदम पटलं. फिटर माणूस, कृती सांगितलेली आवडायची. कार्डावर मी लिहिलं, 'आहार सल्ला दिला. रुग्ण सहकार्य करतो.'

आणि खरोखरच करायचे. डबीची उजवी बाजू रिकामी झाली. दर महिन्याला ते मला सांगायचे, रात्रभर भिजवतो, सकाळी पिळून घेतो. आकडे मात्र उतरेनात. डॉक्टरांनी गोळी बदलली, मग आणखी एक वाढवली. असं दीड वर्ष चाललं.

निवृत्तीला थोडे दिवस उरले असताना एप्रिलमध्ये जयंतीला त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. वस्तीत निळे झेंडे, पताका, कोपऱ्यावर सरबताचं पिंप. घरात शिरताना समोरच एक मोठा निळा ड्रम होता, त्यात पुरुषभर उंच वाढलेला कढीपत्ता. शेजारपाजारचे सगळे तिथूनच पानं न्यायचे. मामा आधी मला गच्चीवर घेऊन गेले. दोन पाइपांच्या मध्ये तार ताणलेली आणि तारेवर चान्या, सगळ्या एका जाडीच्या. त्यांनी खिशातून मोजमापाचा व्हर्निअर काढून एक पट्टी मोजून दाखवली. दोन सूत, म्हणजे पाव इंच. त्याहून जाड राहिली तर आत ओल राहते, पातळ झाली तर लाकूड होतं. वर शांताबाईंचं जुनं लुगडं पांघरलेलं, माश्या बसू नयेत म्हणून. आता बोकडाच्याच करतो, ते म्हणाले. पूर्वीची गोष्ट वेगळी होती. मी पुढे विचारलं नाही.

खाली जेवायला बसलो. माझ्यासाठी त्यांनी साधं तुरीचं वरण वेगळं काढलं होतं, मी चानी खाणार नाही म्हणून. आयुष्यात इतकं चांगलं वरण मी खाल्लेलं नव्हतं. दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि शांताबाईंना विचारलं, याला अशी चव कशाने आली हो?

शांताबाई लाजल्या. म्हणाल्या, "त्यात मीठ घालतच नाय मी. तुम्ही सांगितल्यापासनं चान्या भिजवितो ना, त्याचंच पाणी घालायलो. फेकायचं कसं व्हय ते?"

मी वाटी खाली ठेवली. मग एकेक गोष्ट कळत गेली. दीड वर्ष भिजवलेल्या चान्यांचं पाणी त्या घरात रोज वरणात जात होतं, भाकरीच्या पिठात जात होतं. रात्रभर भिजवून निघालेलं सगळं मीठ सकाळी परत त्याच माणसाच्या ताटात. आधी आठवड्यातून दोनदाच चानी खायची असं ठरलं होतं, तेही पाळलं जात होतं. पाणी मात्र माठाशेजारच्या बरणीत साठवून ते सगळा आठवडा पुरवत होते. चूक त्यांची नव्हती. भिजवा, पिळा, शिजवा, असं मी सांगितलं होतं. पाणी ओतून द्या, असं मी सांगितलंच नव्हतं. ज्या घरात पिढ्यान् पिढ्या काही फेकलं गेलं नाही, रक्त नाही, आतडं नाही, चरबी नाही, त्या घरात हे सांगावं लागेल एवढंही मला सुचलं नाही. माझ्या माहेरी कुणी न सांगताच मोरीत ओतलं असतं.

मी ते तिथं सांगितलं. जेवताना सांगायला नको होतं, पण राहवलं नाही. शांताबाईंचा चेहरा उतरला आणि त्या आत निघून गेल्या. मामांनी आपली वाटी बाजूला सरकवली. मग मलाच म्हणाले, तुमी जेवा, सिस्टर. तुमच्या सांगण्यात खोट नाय.

निवृत्तीच्या तपासणीत मूत्रपिंडाच्या विकाराचं निदान झालं. कागदावर ते वाचलं तेव्हा मी दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि रडले. एकवीस वर्षांत दार लावून घेतलं ते तेवढंच. चानीमुळेच झालं असं कुठलाही डॉक्टर छातीठोकपणे सांगणार नाही, रक्तदाब जुना होता, त्यांच्या वडिलांनाही होता. हे सगळं मला ठाऊक आहे. तरी ते दीड वर्ष माझ्या नावावर आहे, असंच मला वाटतं.

मी घरी जायला लागले. पहिल्यांदा गेले ती अपराधी म्हणून, पुढे सवयीने. डॉक्टरांनी सगळं बंद केलं होतं, पण मामा अजून आठवड्यातून एखादी चानी भिजवून खात. पाणी मात्र वरणात जात नव्हतं. मोरीतही जात नव्हतं. ते त्यांच्या हातून ओतवेना, म्हणून ते कढीपत्त्याच्या ड्रममध्ये घालत. त्यात मांसाचा रस आहे, झाड जोम धरेल, असा हिशोब. मी एकदा म्हटलं होतं, मामा, खारं आहे ते. ते हसले होते.

दिवाळीनंतर गेले तेव्हा कढीपत्त्याची पानं टोकांकडून करपलेली दिसली. पुढच्या महिन्यात झाडावर पान उरलं नव्हतं. मामा ड्रमपाशी उकिडवे बसले होते, काडी मोडून पाहत होते. काडी कट्कन मोडली, आत हिरवं काही नव्हतं. ड्रमच्या कडेला मातीवर पांढरी खपली आलेली. ती त्यांनी बोटाला लावली, जिभेवर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मेलेल्याला टिकवतं ते. जित्याला नाय."

त्या दिवसापासून त्यांनी चानी तोंडात घातली नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या बोलण्याने जे झालं नाही ते एका झाडाने केलं. उशीर झाला होता एवढंच. पुढच्या उन्हाळ्याच्या आतच आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. मामा आणखी वाळले. शांताबाई रोज अळणी वरण करत आणि स्वतःही तेच खात. मी पुष्कळदा सांगितलं, तुम्ही तरी मीठ घालून घ्या. त्यांनी नाही घेतलं.

शेवटचं मी त्यांना या एप्रिलमध्ये पाहिलं. दुपारी चारचं ऊन, गच्चीवर लुगड्याच्या सावलीत मामा खुर्ची टाकून बसलेले. डाव्या हाताला डायलिसिसची पट्टी, उजव्या हातात कावळे हाकायची काठी. आणि समोर तारेवर चान्या. मला वाटलं आता हा माणूस माझ्याच्याने आवरणार नाही. त्यांनी आधीच हात वर केला. म्हणाले, माझ्यासाठी नाहीत. लेक पुण्याला असते, तिला तिथं कुठून मिळणार? तिने तोंड उघडून मागितल्या होत्या.

त्यांनी तारेवरची एक चानी काढली, छोट्या शेगडीवर भाजली आणि माझ्यापुढे धरली. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी आग्रह केला नव्हता. म्हणाले, मला चाखता येत नाय आता. लेकीसाठी केलं की शांता सगळंच चांगलं म्हणती. तुम्ही खरं सांगाल.

मी खाल्ली. पहिल्यांदाच खात होते. आधी धूर लागला, मग हळद, मग चावता चावता मांसाची गोडसर चव उतरत गेली आणि मला वाईट वाटलं, की हे एवढं चांगलं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ज्या बाईने त्यांना आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली, तिच्याकडूनच त्यांना खरं ऐकायचं होतं. मी सांगितलं.

"मामा, मीठ कमी पडलं."

त्यांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं. म्हणाले, "कमी पडलं नाय. अर्धंच टाकलंय. पोरीच्या पोटात जायचंय ते."

मग त्यांनी सात-आठ चान्या उतरवून वर्तमानपत्रात बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. या टिकायच्या नाहीत, ते म्हणाले, आठ दिवसांत खाऊन टाका, ठेवू नका. मी हो म्हटलं. श्रावणात ते गेल्याचा फोन आला तेव्हा पिशवी फ्रिजमध्येच होती, आणि त्यानंतर तर माझा हातच तिकडे गेला नाही.

त्या एप्रिलच्या दुपारी जिना उतरताना मी वळून पाहिलं होतं. एक कावळा कठड्यावर येऊन बसला होता. मामांनी बसल्या जागेवरून काठी उचलली, पण मारली नाही, नुसती आपटली. मग उठले, लुगड्याची सरकलेली बाजू एका हाताने ओढून नीट केली आणि खिशातून व्हर्निअर काढून तारेवरची पट्टी मोजायला लागले.